तळहातावर वाचलेलं पुस्तक

या अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, यंदा एक विभाग करतोय. अलीकडे काय वाचलं आणि पुढे काय वाचणार, एवढंच लिहायचं. तुम्हाला आता वेळच वेळ असेल." निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो ही समजूत कुणी पसरवली कोण जाणे. पण मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की हाच प्रश्न मी कित्येक वर्षं दर शनिवारी दुसऱ्यांना विचारत आले आहे. माझी स्वतःची उत्तरं फारशी सांगण्यासारखी नाहीत, त्यांची आहेत. म्हणून त्यांचीच लिहिते.

आधी माझं काम काय होतं ते सांगायला हवं, कारण ते कुणालाच नीट ठाऊक नसतं. नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयात मी वाचा-उपचारतज्ज्ञ होते. माझ्या दारावर पाटी होती, 'वाचा उपचार कक्ष'. ती पाटी वाचून लोक डोकं आत घालत आणि विचारत, "मॅडम, इथं काय वाचाचं हाय?" एक आजोबा तर आत येऊन, चष्मा पुसून, समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांना वाटलं डोळे तपासायची खोली आहे, आता मी तक्ता लावणार. वाचा म्हणजे वाणी, बोलणं, हे सांगून मी थकले; पाटी बदलून मागायचा अर्ज मी कधी केला नाही, कारण तोवर मला त्या गोंधळाची गंमत वाटू लागली होती.

माझ्याकडे तोतरं बोलणारी मुलं येत, टाळू फाटलेली येत, ऐकू न येणारी येत. पण सगळ्यात जास्त येत ती लकवा मारून गेलेली माणसं. लकव्यात हात लुळा पडतो, पाय ओढत चालावं लागतं, ते सगळ्यांना दिसतं. पण मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की पुष्कळदा भाषाच जाते. बुद्धी जागेवर असते, माणसं ओळखू येतात, सुनेनं भाजीत मीठ जास्त टाकलं तेही कळतं. ते सांगायला शब्द तेवढा हाताशी येत नाही. घरचे लोक मग त्या माणसाशी मोठ्या आवाजात बोलू लागतात, जणू त्याचे कान गेले. नाहीतर लहान बाळाशी बोलावं तसं बोलतात. माझी निम्मी नोकरी नातेवाईकांचा आवाज खाली आणण्यात गेली.

भाषा जाते ती सरसकट जात नाही, हे या कामातलं सगळ्यात अजब. कुणाचं काय जाईल आणि काय उरेल याचा नेम नसतो. सावनेरकडच्या वच्छलाबाई म्हणून होत्या, शेतातलं काम करणाऱ्या. त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता, 'काहून', म्हणजे 'का'. चहा हवा असला तर काहून, मुलाचा राग आला तर काहून, मला बघून आनंद झाला तर लांबवून "काहूऽऽन!" त्या एका शब्दाला त्या असे हेल देत, की महिनाभरात मला त्यांचं सगळं कळू लागलं. त्यांच्या मुलाला मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं, की आई आपल्याला सारखी जाब विचारते आहे. "मॅडम, म्या काय केलं जी हिचं?" असं तो मला हळूच विचारायचा.

निवृत्त झाल्यावर मी मनीषनगरला राहायला आले. आमच्या वसाहतीचा एक हॉल आहे, लग्नाचे दिवस सोडले तर रिकामाच असतो. तिथं शनिवारी सकाळी जुन्या पेशंटना बोलवायला लागले. फी नाही, औषध नाही. सतरंजी घालायची, खुर्च्या गोल मांडायच्या आणि बोलायचं. पण बोलायचं काय? "कसे आहात?" म्हटलं की "बरं आहे" म्हणून माणूस गप्प. आजार हा एकच विषय सगळ्यांना सामायिक, आणि त्याचाच सगळ्यांना कंटाळा. मग एकदा सहज विचारलं, "या आठवड्यात काय वाचलं? आणि पुढं काय वाचणार?"

प्रश्न चांगला निघाला. पुस्तकच पाहिजे असं काही नव्हतं. एकजण बसवरची पाटी वाचून आला, त्याला टाळ्या. एकानं औषधाच्या डबीवरचं नाव वाचलं. वच्छलाबाईंनी पिशवीतून कपाशीच्या बियाण्याचं रिकामं पाकीट काढलं, त्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मुलाकडे बघून ठसक्यात म्हणाल्या, "काहून?" मुलगा खाली बघू लागला. पेरणीला उशीर करू नका असं त्या ओळीत लिहिलं होतं, आणि त्यानं उशीर केला होता. म्हणजे बाईंना वाचता येत होतं, वाचलेलं कळत होतं, आणि त्यावरून मुलाला धारेवरही धरता येत होतं. तो दिवस मी विसरणार नाही.

त्या गटात देवरावजी आले ते पावसाळा संपता संपता. खापरखेड्याला वीज केंद्रात नोकरी करून निवृत्त झालेले, तिथंच जवळ छोटंसं घर बांधून राहिलेले. उंच, काटक, पांढरा शुभ्र शर्ट. सोबत बायको, शेवंताबाई, ठेंगणी, कापडी पिशवी छातीशी धरलेली. देवरावजी स्वच्छ बोलत होते. चालत होते. मला वाटलं हे कुणाला तरी सोडायला आलेत.

"तुमचा पेशंट कुठे आहे?" मी विचारलं.

"मीच हाय मॅडम," ते म्हणाले. "मले वाचता येऊन नाई राहिलं."

मी त्यांना कागद-पेन दिलं आणि म्हटलं, काहीही लिहा. त्यांनी सरळ ओळीत, घोटीव अक्षरात लिहिलं, 'माझं नाव देवराव. मी खापरखेड्याला राहतो. मला पुस्तकं आवडतात.' मी कागद घेतला, थोडा वेळ दुसरं काही बोलले, आणि मग तोच कागद त्यांच्यापुढे धरून म्हटलं, "आता हे वाचा."

ते बघत राहिले. कागद जवळ नेला, लांब नेला. माझ्याकडे पाहिलं. "हे मीच लिहिलं ना आत्ता?"

"हो."

"मंग काहून दिसून नाई राहिलं? म्हणजे दिसते. पण किड्या-मुंग्यांवानी दिसते."

असं होतं. फार क्वचित, पण होतं. लिहिण्याची वाट शाबूत राहते आणि वाचण्याची तेवढी बुजते. नोकरीत असे दोन-चारच पाहिले असतील. बाहेरच्या माणसाला खरंच वाटत नाही, ढोंग वाटतं. देवरावजींच्या मुलालाही तसंच वाटलं होतं. "बाबांना कंटाळा आला असेल वाचायचा," असं तो म्हणाला होता. त्या माणसाला, ज्यानं आयुष्यात तपकीर, पान, सिनेमा, कशाचा नाद केला नाही, फक्त पुस्तकांचा केला.

शेवंताबाई तोवर काही बोलल्या नव्हत्या. निघताना मागे राहिल्या आणि मला म्हणाल्या, "मॅडम, यांच्या वाचाचं करा बाप्पा काई. संध्याकाळ सरत नाई आमची."

मग कळलं. शेवंताबाई शाळेत गेल्याच नव्हत्या. सही करता यायची, तेवढंच. लग्नानंतर काही वर्षांनी देवरावजींनी त्यांना पुस्तक वाचून दाखवायला सुरुवात केली, आणि ते कधी थांबलंच नाही. पाळीची नोकरी, ज्या वेळी घरी असतील त्या वेळी थोडं. बाई भाजी निवडत, गोधडी शिवत, हे वाचत. वीज केंद्राच्या वसाहतीतल्या वाचनालयातलं कपाटच्या कपाट या दोघांनी असं संपवलं होतं. लकवा आला तेव्हा एक जाड कादंबरी निम्म्यावर होती, विणकराच्या एका घराची गोष्ट. ती तशीच राहिली होती.

"मुलगा वाचून दाखवेल की," मी म्हटलं.

"त्याच्याकून नको," त्या म्हणाल्या. "यांचं वाचणं यांचंच हाय."

अशा माणसाला पुन्हा वाचायला शिकवायची एक रीत आहे. डोळ्याला अक्षर ओळखू येत नाही, पण हाताला येतं, कारण लिहिणारा हात शाबूत असतो. म्हणून समोरच्या अक्षरावर नजर ठेवायची आणि ते बोटानं टेबलावर गिरवायचं. गिरवताना हात सांगतो, हा तर 'क'. मग पुढचं अक्षर. मग त्याची मात्रा. एकेक करून शब्द. फार हळू चालतं, आणि पुष्कळ लोक कंटाळून सोडून देतात.

देवरावजींनी सोडलं नाही, पण आमच्या टेबलाच्या गुळगुळीत सनमायकावर त्यांचं बोट घसरायचं आणि अक्षर अर्धवट राहायचं. दोन-तीनदा तसं झाल्यावर शेवंताबाईंनी आपला हात उताणा करून त्यांच्यापुढे ठेवला. "घ्या, याच्यावर काढा."

त्या तळहातावर त्यांचं पहिलं अक्षर उमटलं, आणि मग टेबल बाजूलाच राहिलं. ते डाव्या हातानं पुस्तक धरत, उजव्या बोटानं बायकोच्या हातावर गिरवत आणि पुटपुटत, "घ… र… घर. घरा… त. घरात." बाकीचे पेशंट आपापलं सोडून बघत बसत. वच्छलाबाई पदर तोंडाला लावून हसत.

दुसरी अडचण पुढे आली. शब्द जुळेपर्यंत एवढा वेळ जायचा, की वाक्याच्या शेवटाला पोचेस्तोवर सुरुवात निसटलेली असायची. देवरावजी पूर्णविरामापाशी येऊन थांबत आणि विचारत, "कोण गेलं बाजारात?" ते शेवंताबाईंना माहीत असायचं. अक्षर न येणाऱ्या माणसाची सगळी भिस्त लक्षात ठेवण्यावर, आणि त्यांचं लक्षात ठेवणं जबरदस्त. त्या एकेक शब्द गोळा करत जायच्या आणि शेवटी अख्खं वाक्य म्हणून दाखवायच्या. ते ऐकून देवरावजी म्हणत, "हं. असं हाय तं." आणि पुढच्या वाक्याला हात घालत. एक ओळ वाचायला त्या दोघांची गरज लागत होती. माझ्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात हे असं सांगितलेलं नव्हतं.

मी त्यांना सोपी वाटही दाखवली होती. आता फोनमध्ये सोय असते, पानाचा फोटो काढला की फोन वाचून दाखवतो. शेवंताबाईंच्या मुलाच्या फोनवर मीच ते सुरू करून दिलं. पुढच्या शनिवारी विचारलं, कसं वाटलं?

"वाचते चांगलं," त्या म्हणाल्या. "पण मधात थांबत नाई. मी 'हो का?' म्हटलं तं ऐकत नाई. आपल्या मनानंच चालली राह्यते ते बाई."

तेव्हा मी तो विषय सोडला.

असे बरेच महिने गेले. दर शनिवारी प्रश्न देवरावजींपर्यंत आला, की उत्तर शेवंताबाई देत. "या आठवड्यात मोठ्या भावानं माग विकला." "त्याची बायको माहेरी गेली, मोठी पोट्टी आजीजवळ ठेवली." त्या कादंबरीत एक लहान मुलगी होती, बापाबरोबर मागाशी बसायची, धागा तुटला की ओरडून सांगायची. शेवंताबाईंना ती फार आवडायची. गटातल्या सगळ्यांनाच आवडू लागली. नारायणराव म्हणून बँकेतले एक निवृत्त अधिकारी यायचे. त्यांचं उलटं होतं. बोलणं धो धो, पण शब्द सगळे चुकीचे, अर्थ लागायचा नाही. ते शेवंताबाईंना दर वेळी काहीतरी लांबलचक विचारत आणि हातानं बुटक्या मुलीची उंची दाखवत, एवढ्यावरून सगळ्यांना कळायचं. "मजेत हाय ते," शेवंताबाई त्यांना सांगत. दुर्दैवानं नारायणरावांना पुढे मुलगा पुण्याला घेऊन गेला. तिथं त्यांना असा गट मिळाला की नाही, मला कळलं नाही.

हे इतकं वाचणं चाललं होतं, त्यातून आणखी एक गोष्ट घडत होती, तिच्याकडे मी नुसतं गंमत म्हणून बघत होते. शेवंताबाईंना तळहातावरची अक्षरं ओळखू येऊ लागली होती. डोळ्यानं नाही, कागदावर दाखवलं तर यायचं नाही. कातडीला कळायचं. देवरावजी अजून गिरवतच असायचे आणि त्या म्हणायच्या, "म हाय."

"तू चूप राह्य वं," ते चिडायचे. "मले वाचू दे."

त्या ओठ मिटून बसत, पण चेहऱ्यावरून कळायचं, की पुढचंही अक्षर त्यांना आलेलं आहे.

गेल्या थंडीतला तो शनिवार. हॉलच्या खिडकीतून ऊन येत होतं, सगळे खुर्च्या सरकवून उन्हात बसले होते. देवरावजी त्या दिवशी खुशीत होते. म्हणाले, "आज इथंच वाचून दाखवतो, सगळ्यायले." आम्हाला आनंदच झाला. शेवंताबाईंनी हात पुढे केला. कादंबरीतल्या त्या मुलीला ताप आला होता, घरात धावपळ चालली होती, आजी देवाला नवस बोलत होती. एकेक शब्द येत होता आणि शेवंताबाई वाक्यं सांगत होत्या.

मग एक छोटं वाक्य आलं. "पोर," देवरावजींनी वाचलं. गिरवत गिरवत, "प… हा… टे. पहाटे." पुढचा शब्द त्यांनी गिरवला, आणि थांबले. बोट तळहातावरच राहिलं. मग चटकन म्हणाले, "उठली. पोर पहाटे उठली."

आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला.

शेवंताबाई हलल्या नाहीत. "उठली नाई," त्या म्हणाल्या.

"उठली म्हणून लिहिलं हाय."

"उ नाई काढला तुमी. ग काढला. ग वर मात्रा. मंग ल."

देवरावजी पुस्तकात बघत राहिले.

"गेली लिहिलं हाय तिथं," शेवंताबाई म्हणाल्या. "पोर पहाटे गेली." त्यांनी हात मागे घेतला आणि पदराखाली ठेवला. मग विचारलं, "तुमी मले कवापासून असं वाचून राहिले?"

मला वाटतं त्या क्षणी आम्हा कुणालाच काही पूर्ण कळलं नव्हतं, त्या दोघांनाच कळलं होतं. वच्छलाबाई उठल्या, शेवंताबाईंपाशी गेल्या, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून अगदी हळू म्हणाल्या, "काहून?" शेवंताबाईंनी मान हलवली आणि पिशवी घेतली. "चला घरी," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

त्यानंतर दोन शनिवार ते आले नाहीत. फोन केला तर देवरावजी म्हणाले, "तब्येत बरी हाय मॅडम," आणि ठेवून दिला. तिसऱ्या शनिवारच्या आधीच मी बस धरून खापरखेड्याला गेले. पेशंटच्या घरी जायची मला सवय नाही. नोकरीत असताना कधी गेले नाही, तेवढा वेळही नसायचा. एका खोलीत एकटी मी आणि बाहेर रांग. पुष्कळ माणसं उपचार अर्धवट टाकून गेली आणि ती का गेली हे कधीच कळलं नाही, याचं आता वाईट वाटतं.

शेवंताबाई ओट्यावर बसल्या होत्या. देवरावजी आत होते. मला बघून बाहेर आले, खुर्ची दिली आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. दोघं एकमेकांशी बोलत होते, पण कामापुरतं, हे लगेच कळत होतं.

"पोट्टी होती आमची एक," शेवंताबाई म्हणाल्या. काही विचारायची वेळच आली नाही. "मुलाच्या आधी. सुजाता नाव. शाळेत जाऊन राहिली होती. ताप आला अन् गेली. मी मंग बोलाचीच बंद झाली. जेवण करो, नाई करो. हे ड्यूटीवरून आले का मी भिंतीकडं तोंड करून बसेल. तवा यायनं पुस्तक आणलं."

"मले दुसरं काई सुचलं नाई," देवरावजी चौकटीतून म्हणाले.

"त्याच्यात बरं वाटलं मले. हे वाचत, मी ऐको. पण मले काय ठाऊक, का त्याच्यातली लेकरं हे मरू देत नव्हते."

मी देवरावजींकडे पाहिलं. ते खाली बघत होते. मग सावकाश बोलू लागले, नोकरीतलं एखादं काम समजावून सांगावं तसं. "दुपारी मी एकदा पुढचं सारं वाचून ठेवाचो मॅडम. कुठी लेकरू आजारी पडलं, का नदीवर गेलं, का मले समजे. मंग संध्याकाळी तेवढं गाळाचं. पण एक गाळलं का भागत नाई. पुढं त्याच्या मायचं रडणं येते, तेरवी येते, बाप दारू प्याले लागते, ते सारंच गाळा लागते. कदी कदी तं माह्या मनानं जोडलं मी. त्या लेकराले शाळेत घातलं. एकाचं तं लग्न लावून देल्लं."

"अन् मी शेजारच्या बाईसोबत भांडली," शेवंताबाई म्हणाल्या. "तिनं तेच पुस्तक वाचलं होतं. ते म्हणे पोरगं मरते, मी म्हणो नाई मरत, माह्या घरवाल्यानं वाचलं हाय. वर्षभर बोलली नाई मी तिच्यासोबत."

त्यांना थोडं हसू आलं, पण ते टिकलं नाही. "आमच्या घरात पुस्तकातलं एक लेकरू मेलं नाई मॅडम. एवढ्या पुस्तकात एक नाई. मी म्हणो, साऱ्यायची लेकरं जगतात, माहीच काहून गेली?"

देवरावजींनी मान वर केली. हे त्यांना ठाऊक नव्हतं, चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. एवढ्या वर्षांत त्यांच्या मनात हे आलं नसावं.

"तू जेवत नव्हती वं," ते म्हणाले. "मले भेव वाटे."

शेवंताबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. नंतर उठल्या, चहा टाकायला आत गेल्या. जाताना त्यांच्या हातातला रिकामा पेला काढून घेतला. मी चहा घेतला, बोलले ते बोरांच्या भावाबद्दल आणि बसच्या वेळेबद्दल. परतीच्या बसमध्ये मी विचार करत होते, की मी आयुष्यभर लोकांचे हरवलेले शब्द शोधून देण्याचं काम केलं. या माणसानं तेवढ्याच चिकाटीनं शब्द लपवण्याचं केलं, आणि दोघांनीही ते दुसऱ्याच्या भल्यासाठीच केलं. तो चुकला असं म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही. त्या पुस्तकांनीच बाई पुन्हा जेवायला लागल्या. पण 'माहीच काहून गेली' हे जे ओझं त्यांनी मनात वाहिलं, तेही त्या पुस्तकांनीच दिलं.

तिसऱ्या शनिवारी दोघं आले. नेहमीच्या खुर्च्यांवर बसले. विणकराच्या घराची गोष्ट त्यांनी पुरी करत आणली होती, त्या मुलीच्या जाण्यासकट. प्रश्न फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आला. पुढं काय वाचणार?

"जुनीच," शेवंताबाई म्हणाल्या. "मागं वाचली ते सारी. पहिल्यापासून."

"सगळी?" मी विचारलं.

"कपाटभर हायेत," देवरावजी म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार होती, आणि जराशी भीतीही. आता दुपारी पुढचं वाचून ठेवता येणार नव्हतं. जे येईल ते दोघांना एकाच वेळी कळणार होतं.

"आता यायले गाळता येत नाई," शेवंताबाई आम्हाला सगळ्यांना म्हणाल्या. "म्हणून आताच वाचाची."

सुरुवात त्यांनी एका पातळशा पुस्तकानं केली आहे. एक मुलगा असतो, विहिरीवर खेळायला जातो. उन्हाळा आला, हॉलमध्ये आम्ही कूलर लावला, ते पुस्तक अजून चाललंच होतं. मागच्या शनिवारी मी नेहमीसारखं विचारलं, काय वाचलं? देवरावजींनी आधी बायकोकडे पाहिलं. शेवंताबाईंनी हातरुमालानं तोंड पुसलं.

"त्या पोराचं आलं," त्या म्हणाल्या. "विहिरीतून काढलं त्याले. मी रडली. हेही रडले. यायचा चष्मा ओला झाला, अक्षर दिसेना. मंग तेवढ्यावरच ठेवलं त्या दिवशी."

मी हळूच विचारलं, "आणि आता पुढं?"

"पुढं त्याची माय हाय ना," शेवंताबाई म्हणाल्या. "मागच्या खेपेला ते आलीच नाई पुस्तकात. पोरगं जिवंत होतं, तं तिचं काय काम? आता ते काय करते, कशी राह्यते, ते पाहाचं हाय मले."